चांदीवरचा काळा थर आणि भूगर्भातील काळी चांदी

देव्हाऱ्यातील चांदीचे निरांजन किंवा पेटीतील पैंजण काही महिन्यांत काळवंडतात, तेव्हा चांदीला गंज चढला असे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः लोखंड गंजते ते ऑक्सिजन आणि ओलावा यांमुळे. चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेत अत्यल्प प्रमाणात असलेल्या हायड्रोजन सल्फाइडसारख्या वायूंशी तिचा संयोग होऊन पृष्ठभागावर सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर जमतो. हेच संयुग भूगर्भात स्फटिकरूपाने सापडते. खनिजशास्त्रात त्याला अकँथाइट म्हणतात, आणि ते चांदीच्या प्रमुख धातुकांपैकी एक आहे.

चांदीचे दोन अणू आणि गंधकाचा एक, अशी या खनिजाची साधी रचना आहे. त्याच्या वजनाचा सुमारे 87 टक्के भाग चांदीचा असतो. तरीही हे खनिज दिसते मात्र शिशासारखे करडे-काळे. त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 7.2, तर काठिण्य 2 ते 2.5, म्हणजे जवळपास नखाइतकेच आहे. बहुतेक खनिजे सुरीखाली फुटून त्यांचा चुरा होतो. अकँथाइट मात्र शिशाप्रमाणे कापता येते.

या संयुगाला दोन नावे आहेत. विल्हेल्म हायडिंगर यांनी 1845 मध्ये त्याच्या घनाकृती स्फटिकांना आर्जेंटाइट हे नाव दिले. पुढे 1855 मध्ये गुस्ताव केनगॉट यांनी आजच्या चेक प्रजासत्ताकातील याखिमोव्ह येथील काट्यांसारख्या स्फटिकांना, काटा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, अकँथाइट म्हटले. ही दोन खनिजे म्हणजे एकाच संयुगाची दोन रूपे आहेत. सुमारे 173 अंश सेल्सिअसच्या वर घनीय आर्जेंटाइट स्थिर असते. त्याखाली निवताच त्याची अंतर्गत रचना बदलून अकँथाइट बनते. बाह्य आकार मात्र घनाचाच राहतो. त्यामुळे संग्रहालयांत आर्जेंटाइट म्हणून मांडलेले नमुनेही आतून अकँथाइटच असतात, आणि तो घनाकार स्फटिकाच्या उष्ण जन्माची खूण ठरतो.

खडकांच्या भेगांतून वाहणारे खनिजयुक्त उष्ण पाणी निवू लागले की क्वार्ट्झ, कॅल्साइट, गॅलेना व नैसर्गिक चांदी यांच्या सोबतीने अकँथाइटच्या शिरा तयार होतात. जर्मनीतील फ्रायबर्ग, नॉर्वेतील काँग्सबर्ग, मेक्सिकोतील ग्वानाह्वातो आणि झाकातेकास ही त्याची प्रसिद्ध स्थाने होत. अमेरिकेतील नेवाडाची कथा तर विशेष बोलकी आहे. तेथे सोने शोधणाऱ्यांच्या उपकरणांत निळसर-काळी जड माती अडकत असे आणि ते वैतागून ती फेकून देत. 1859 मध्ये तिचा नमुना कॅलिफोर्नियात तपासला गेला, तेव्हा त्यात सोन्याहून अधिक मोलाची चांदी निघाली. कॉमस्टॉक या विख्यात खाणपट्ट्याचा उदय असा झाला.

भारतात चांदी मुख्यतः राजस्थानातील शिसे-जस्ताच्या धातुकांपासून उपउत्पादन म्हणून मिळते. तेथे काळे घनाकृती स्फटिक हाती लागण्याची अपेक्षा नसते. चांदी इतर सल्फाइड खनिजांत सूक्ष्म प्रमाणात विखुरलेली असते.

विज्ञानाच्या इतिहासातही या काळ्या संयुगाला मानाचे स्थान आहे. तापवल्यावर धातूंचा विद्युतरोध वाढतो. सिल्व्हर सल्फाइडचा मात्र घटतो, हे मायकेल फॅरेडे यांनी 1833 मध्ये नोंदवले. अर्धवाहकांच्या गुणधर्माची ही पहिली नोंद मानली जाते. सामान्य तापमानालाही न तुटता वाकणारा अर्धवाहक म्हणून त्याचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला आणि लवचीक इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या दृष्टीने त्याकडे नव्याने पाहिले जाऊ लागले.

घरातील चांदीच्या संदर्भात या रसायनशास्त्राचा उपयोग थेट आहे. भुकटीने घासल्यास काळ्या थरासह त्यातील चांदीही निघून जाते. पिढ्यान्‌पिढ्या घासल्या गेलेल्या भांड्यांवरील नक्षी त्यामुळेच बोथट होते. याउलट, सोडा घातलेल्या गरम पाण्यात भांडे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला टेकवून ठेवल्यास गंधक चांदीपासून सुटतो आणि थरातील चांदी बव्हंशी भांड्यावरच राहते. मात्र बाजारात ‘ऑक्सिडाइज्ड’ म्हणून मिळणारे चांदीचे दागिने या पाण्यात टाकू नयेत. नाव ऑक्सिजनचे असले तरी त्यांवरील काळी छटा बहुधा मुद्दाम चढवलेल्या सल्फाइडचीच असते, आणि ती धुऊन निघते.