अडीच मायक्रॉन आणि अर्धा मिलिमीटर

वाळूजला नोकरी करणाऱ्या माझ्या पुतण्याने गच्चीवरच्या खोलीत लाकूड कापायचे टेबल स्वतःच जोडले. संगणकावर नक्षी काढली की कटर तीच नक्षी प्लायवूडमधून कापून काढतो.

"काका, अडीच मायक्रॉनचं रेझोल्यूशन आहे!" त्याने हिशेबच मांडला. मोटारीच्या एका फेऱ्यात २०० पायऱ्या, प्रत्येक पायरीचे १६ भाग, म्हणजे ३२००. एका फेऱ्यात स्क्रू ८ मिलिमीटर सरकवतो. भागा, ०.००२५! शाळेत व्हर्नियरचे लघुतम माप शिकलो होतो, तेच हे. केसाचा जेमतेम पंचविसावा-तिसावा हिस्सा.

पण आयुष्य बँकेत गेलेल्या माणसाला दशांशचिन्हापुढे फार आकडे दिसले की धास्तीच वाटते. व्याज पैशापर्यंत बिनचूक, आणि जमा मात्र भलत्याच खात्यात, हे आम्ही पाहिलेले आहे.

दिवाळीसाठी त्याने पाच देवघरांची आगाऊ रक्कम घेतली होती. नमुन्याचे पहिले आमच्या घरी आले. खाचेत पट्टी बसेना. कुठे घट्ट, कुठे अर्धा मिलिमीटर फट. पोराने पायरीचे ३२ भाग केले. आकडा सव्वा मायक्रॉनवर आला, फट होती तिथेच. घरात त्याचे बोलणे कमी झाले.

१९८५ साली बजाजचा कारखाना वाळूजला आला, आणि आता आमच्या छत्रपती संभाजीनगरात गल्लीत एखादा तरी जुना फिटर सापडतोच. शेजारचे निवृत्त फोरमन डायल गेज घेऊन गच्चीवर आले. टेबल उजवीकडे नेले, मग डावीकडे. दिशा बदलताच स्क्रू फिरला, डायलचा काटा हलेना. नटमध्ये ०.३ मिलिमीटरचा प्ले होता. मग ३०० मिलिमीटरचा चौरस कापायला लावून कर्ण मोजले. दोन्ही ४२४.३ हवेत; एकात दुसऱ्यापेक्षा मिलिमीटरभर जास्त. सांगाडाच काटकोनात नव्हता.

"बाबा रे, मोटार आपल्या पायऱ्या मोजते," ते म्हणाले. "कटर कुठे पोहोचला, ते तिला कोण सांगणार?"

दोन गिऱ्हाइकांचे पैसे परत करावे लागले. पोराने ते मुकाट्याने केले, याचे मला कौतुक वाटले. स्प्रिंगचा नट आला, सांगाडा खोलून पुन्हा गुण्यात बसवला. उरलेली तीन देवघरे दिवाळीनंतर पोहोचली. टेबलावरची '०.००२५'ची चिठ्ठी काढून त्याने '०.१, मोजलेले' असे लिहिले आहे.

आमचे देवघर मात्र पहिलेच. फटीत सौभाग्यवतींनी पुठ्ठ्याची पट्टी खोचली आहे.