अंध रसिकाचा गानसंग्रह

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली आणि त्या परिसरात नाना प्रांतांची माणसे येऊन वसली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. भिलाईलगत, सिमेंटच्या कारखान्याच्या सान्निध्यात असलेल्या जामुल गावी अशा एखाद्या घराचे फडताळ उघडले, तर काही पोथ्या, काही कादंबऱ्या आणि नागपूर-पुण्याकडून येताना आणलेल्या गाण्यांच्या सीडींची चळत हाती लागावी, यात नवल नाही. परमुलखात राहणाऱ्याला मायबोलीची सोबत या दोनच वस्तू देतात.

आता अशा घरातील कोणा वडीलधाऱ्याची दृष्टी गेली आहे, असे समजावे. ग्रंथ तर मिटलेच. गाणी मात्र राहावयास हवीत, कारण ती कानाची वस्तू आहेत. प्रत्यक्षात तीही दुरावतात. बारा सेंटिमीटर व्यासाची प्रत्येक तबकडी बोटांना सारखीच लागते. वेष्टनावरील नावे वाचून दाखवावयास कोणी तरी लागते, आणि तो माणूस कामावर गेला की संग्रह मुका होतो. ऐकण्याची इच्छा आपली, परंतु निवड दुसऱ्याच्या सवडीवर, ही या परावलंबनाची खरी बोच आहे. तबकडीतील गाणी संगणकात उतरवून घेणे, हा त्यावरील उपाय. आणि तो अंध माणसाला स्वतःच्या हाताने करता येतो.

प्रथम तबकडीचे स्वरूप ध्यानी घ्यावे. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी सिद्ध केलेली ही तबकडी १९८२ साली बाजारात आली. तिच्यावर ध्वनी आकड्यांच्या रूपाने कोरलेला असतो. एका सेकंदात ध्वनिलहरीचे ४४,१०० वेळा मोजमाप घेतलेले असते, आणि तेही डाव्या व उजव्या अशा दोन्ही बाजूंचे निरनिराळे. गाणे उतरवून घेणे म्हणजे हे आकडे जसेच्या तसे संगणकात आणणे होय. टेपरेकॉर्डरच्या काळी एका यंत्रासमोर दुसरे यंत्र ठेवून गाणे मुद्रित केले, तर मध्येच वाजलेली दाराची कडीही त्यात उतरत असे. येथे तसे होत नाही. संगणक त्या वेळी शेजारी मोठ्याने बोलत असला, तरी त्याचा एक शब्दही गाण्यात मिसळत नाही. अनेक नवशिके याच शंकेने थबकतात. ती शंका निराधार आहे.

संगणकाला बोलते करणाऱ्या साधनास स्क्रीन रीडर म्हणतात. पडद्यावरील मजकूर तो वाचून दाखवितो, आणि माउसची सर्व कामे कळफलकावरून करता येतात. ‘एनव्हीडीए’ हा विनामूल्य स्क्रीन रीडर मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली रचावयास घेतला. त्याच्यासोबत येणाऱ्या वाचक-आवाजांत मराठीही आहे.

आजच्या बहुतेक संगणकांत तबकडीचा कप्पा नसतो. यूएसबीने जोडावयाचा वेगळा कप्पा घ्यावा लागतो. तबकडी आत सरकविली, की पहिला मोह होतो तो तिच्यावरील फाइली उचलून थेट दुसरीकडे ठेवण्याचा. विंडोजमध्ये ‘ट्रॅक ०१’ अशा नावांच्या, ‘सीडीए’ जातीच्या फाइली ऐकू येतात. त्या अवघ्या ४४ बाइटांच्या असतात. ती गाणी नव्हेत. गाणे तबकडीवर कोठे आहे, ते सांगणाऱ्या त्या नुसत्या पाट्या आहेत. पाट्या घरी नेल्या आणि तबकडी कोणाला देऊन टाकली, तर हाती काहीच उरत नाही. म्हणून खास या कामाचा प्रोग्रॅम वापरावा. विंडोज मीडिया प्लेअर, फूबार२०००, एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे त्यांपैकी काही.

प्रोग्रॅममध्ये टॅबची कळ दाबीत एकेका जागेवर जावे, बाणांच्या कळांनी गाण्यांची यादी ऐकावी आणि स्पेसबारने हवी ती निवडावीत. फाइलीचा प्रकार आरंभीच ठरवावा. मूळ स्वरूपातील ध्वनी मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा घेतो. ‘फ्लॅक’ प्रकारात काहीही न गमावता ती जागा बहुधा निम्म्याच्या आसपास येते. ‘एमपी३’ त्याहून पुष्कळ लहान असते, परंतु कानाला सहसा न जाणवणारा अंश त्यात टाकून दिलेला असतो, आणि तो पुन्हा मिळत नाही. जतनासाठी फ्लॅक आणि खिशातील यंत्रासाठी एमपी३, ही वाटणी योग्य ठरते.

काम सुरू झाले, की डोळस माणूस पडद्यावर सरकणारी पट्टी पाहतो. एनव्हीडीए तीच पट्टी स्वरांनी दाखवितो: काम जसजसे पुढे जाते, तसतसा त्याचा सूर चढत जातो. गाण्याच्या जाणकाराला याहून सोयीची खूण ती कोणती!

यानंतरचा भाग कष्टाचा, आणि खरे मोल त्याचेच आहे. तबकडीवर गाण्यांची नावे बहुधा नसतात. प्रोग्रॅम गाण्यांच्या लांबीवरून तबकडी ओळखतो आणि इंटरनेटवरील सूचीतून नावे आणतो. त्या सूची पुष्कळशा हौशी लोकांनी भरलेल्या. मराठी नावे तेथे असलीच, तर बहुधा रोमन लिपीत, आणि इंग्रजी आवाजाने वाचली की ओळखू न येणारी. ती देवनागरीत नव्याने लिहावीत. उदाहरणार्थ, ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली प्रथम प्रसारित झाले. त्याची ५६ गीते कथेच्या क्रमाने आहेत. नावापूर्वी ०१, ०२ असे दोन आकडी क्रमांक घातले नाहीत, तर काही यंत्रे एकानंतर दहावे गीत वाजवितात आणि कथेचा क्रम मोडतो. वेष्टनावरील नावे एकदाच कोणाकडून वाचून घ्यावी लागतात. पुढे ती गरज उरत नाही.

चरे पडलेल्या तबकडीचे काही आकडे चुकीचे वाचले जातात. म्हणून प्रत्येक गाण्याचा आरंभ आणि शेवट ऐकून घ्यावा, मध्ये टिकटिक येते का ते पाहावे, आणि संग्रहाची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी उपयोगासाठीच्या उचित वापरास मुभा आहे. प्रती काढून वाटणे वा विकणे त्यात बसत नाही.

इतके झाले, की फडताळातील चळत तशीच राहिली तरी बिघडत नाही. रात्री घर निजल्यावर जामुलच्या त्या श्रोत्याने एक कळ दाबावी, नाव ऐकावे, पुढचे नाव ऐकावे, आणि हवे त्या गाण्यावर थांबावे. गाणे पूर्वीही तेच होते. आता ते निवडण्यासाठी कोणाला जागे करावे लागत नाही.