चौथ्या पिढीचें नांव

पितृपक्षांत श्राद्धाच्या पाटावर बसलें म्हणजे उपाध्याय यजमानास तीन नांवें विचारतात: वडिलांचें, आजोबांचें आणि पणजोबांचें. वसु, रुद्र व आदित्य अशीं त्यांचीं स्वरूपें शास्त्रानें ठरवून दिलीं आहेत. त्यांच्या पलीकडचे तिघे ते लेपभाज. पिंड देतांना हातास जो अन्नाचा लेप राहतो तो दर्भांवर पुसावयाचा. तेवढाच त्यांचा वांटा. चौथ्या पिढीपासून नांव सुटतें. माणसाच्या स्मरणशक्तीची धांव कोठवर जाते हें ओळखूनच शास्त्रकारांनीं ही योजना केली असावी असें मला पुष्कळदां वाटतें. मी शाळेंत असतांना नव्या वर्गास पहिल्या दिवशीं पणजोबांचें नांव विचारीत असें. चाळीस मुलांत चार-पांच हात वर येत.

मग चौथा पुरुष शोधावा कोठें? ज्यांच्यांत दफन करण्याची चाल आहे त्यांना स्मशानांतील शिळा साक्ष देते. आपल्याकडे अग्निसंस्कार, अस्थि नदींत. तेव्हां आपल्याला शिळा कशाची असणार, असें सुशिक्षित घरांतहि सहज बोललें जातें. हें सर्वस्वीं खरें नाहीं. संन्याशास अग्नि नाहीं. त्याचा देह भूमींत किंवा जळांत ठेवतात. उतारवयांत, कित्येकदां तर अखेरच्या घटकेस, आतुरसंन्यास घेणारे पुरुष जुन्या ब्राह्मण घराण्यांत होऊन गेले आहेत, आणि त्यांच्या देहस्थानावर शेताच्या बांधाला किंवा ओढ्याकांठीं ओटा, पादुका अथवा वृंदावन बांधलेलें असतें. घरांत त्याला नुसतें ‘स्वामींचा ओटा’ म्हणतात; स्वामी आपलेच खापरपणजोबा होते हें दोन पिढ्यांत विसरलें जातें. लिंगायत, नाथपंथी, दशनामी गोसावी आणि महानुभाव यांच्यांत तर भूमिसंस्कारच आहे. मराठवाड्यांत या सर्वांचीं स्थानें एकमेकांच्या शेजारीं सांपडतात. ज्यांचें दहन झालें त्यांच्याहि चितेच्या जागीं छत्री उभारण्याची चाल सरदार घराण्यांत होती.

आम्हां वाटूरकरांना याचा मोठा दाखला फार दूर शोधावा लागत नाहीं. जालन्याच्या पलीकडे, बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दींत शिरतांच, सिंदखेडराजा येथें जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव यांची समाधि आहे. १६२९ सालीं देवगिरीच्या किल्ल्यांत निजामशहाच्या दरबारीं ते आपल्या मुलांसह दग्यानें मारले गेले. ही भव्य वास्तु टिकली म्हणून तो रक्तपात दगडाच्या रूपानें अजून डोळ्यांसमोर उभा आहे. २०२४ सालीं तिच्या डागडुजीचें काम चाललें असतां जवळच पुरातत्त्व खात्याच्या लोकांना कांहीं जुने दगड दिसले. त्यांनीं घाई न करितां खालीं खोदून पाहिलें, तों एका शिवालयाचा पाया आणि त्यापाठोपाठ शेषशायी विष्णूची देखणी मूर्ति हातीं लागली. एखाद्या उत्साही ठेकेदारानें तेच दगड पायाभरणींत घातले असते तर काय झालें असतें याची कल्पना करावी.

कारण आज धोका नासधूस करणारांकडून नाहीं, जीर्णोद्धार करणारांकडून आहे. देवळाला नवी फरशी बसवावयाची म्हणून ओट्यावरची शिळा उपटतात. पादुकांना तैलरंग फांसतात. खचलेलें वृंदावन सिमेंटानें लिंपतात. यांत दुष्टावा कोठेंच नसतो, उलट भक्तिच असते, आणि म्हणून कोणी बोलत नाहीं. आमचा काळा दगड कठीण खरा, पण त्यावरचीं अक्षरें उथळ असतात. रंगाचे दोन हात बसले कीं तीं बुजतात, आणि सिमेंटाखालीं ओल व क्षार कोंडून दगडाचे पापुद्रे सुटूं लागतात. जुनें काम चुन्यांत झालेलें असेल तर त्याची दुरुस्तीहि चुन्यांतच व्हावी.

गांवोगांवीं मारुतीच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या शिळांची गोष्ट थोडी निराळी आहे. वीरगळावर खालच्या चौकटींत लढाई असते. शेजारीं गाईंचा कळप दिसला तर तो पुरुष गोधन सोडवितांना पडला असें समजावें. मधल्या चौकटींत अप्सरा त्यास नेतात, वरच्या चौकटींत तो शिवलिंगाची पूजा करितो, आणि शिरोभागीं सूर्यचंद्र असतात; ते आहेत तोंवर याची कीर्ति राहो, एवढाच त्यांचा अर्थ. सतीशिळेवर कोपरांत वांकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. त्या हाताकडे पाहून मला अभिमान वाटत नाहीं हें येथें स्पष्ट सांगतों. पण ती बाईहि कोणाची तरी पूर्वज आहे, आणि तिची शिळा फोडल्यानें तिचें दुःख नाहींसें होणार नाहीं. आपल्याकडील बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतें. म्हणून अमुक वीर आमच्याच घराण्याचा असें ठोकून देण्याचा मोह आवरावा. हल्लीं हा मोह फार वाढला आहे.

याच जिल्ह्यांत असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें वेलस्लीची शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं लढाई झाली. इंग्रजांकडील पडलेल्या अधिकाऱ्यांचीं नांवें त्यांच्या ग्रंथांत सांपडतात. आपल्याकडचे जे शेंकडों शिपाई त्या दिवशीं नदीकांठीं पडले त्यांचीं नांवें कोठें शोधावीं? १९७६ सालीं इंग्लंडांत एक मंडळी स्थापन झाली; हिंदुस्थानांत व आसपासच्या देशांत राहिलेल्या युरोपीय कबरींची नोंद व दुरुस्ती हेंच तिचें काम. परक्या भूमींतील आपल्या मृतांची ते एवढी काळजी घेतात. स्कॉटलंडांत रॉबर्ट पॅटर्सन नांवाचा पाथरवट धर्मासाठीं मेलेल्यांच्या थडग्यांवरचीं झिजलेलीं अक्षरें गांवोगांव हिंडून पुन्हां कोरीत असे. त्याच्यावरून सर वॉल्टर स्कॉटनें १८१६ सालीं एक कादंबरी लिहिली. त्याची निष्ठा घ्यावी, छिनी मात्र घेऊं नये. अक्षर पुन्हां कोरलें कीं मूळचें गेलें.

शिळा वाचण्यास विद्वत्तेपेक्षां वेळ साधावी लागते. भर दुपारीं कोरा दिसणारा दगड सूर्य उगवतांना किंवा मावळतांना बोलूं लागतो, कारण तिरप्या उन्हांत अक्षराच्या खांचेंत सावली पडते. शिळा सावलींत असेल तर घरचा आरसा नेऊन बाजूनें कवडसा पाडावा. दगडफूल चढलें असेल तर दगड पाण्यानें भिजवून मऊ कुंचलीनें व बांबूच्या कामटीनें हळूहळू काढावें. तारेचा ब्रश आणि मोरी धुण्याचें ॲसिड यांचें नांवहि काढूं नये.

शक वाचतां आला तरी तो ताडून पाहावा. शकाचा आंकडा झिजून भलताच वाचला जातो. संवत्सराचें नांव सहसा बदलत नाहीं. शकांत बारा मिळवून साठांनीं भागावें. जी बाकी उरेल तितवा संवत्सर, प्रभवापासून मोजून. (बाकी न उरल्यास साठावा, क्षय.) शिवछत्रपतींचें निर्याण शके १६०२ मधील, बारा मिळवून १६१४, साठांनीं भागून बाकी ५४, म्हणजे रौद्र, आणि बखरींत रौद्रच आहे. इसवी सन काढतांना ७८ मिळवितात, पण पौष-माघ-फाल्गुनांत बहुधा ७९ मिळवावे लागतात. आमच्या शेजारच्या जांबेस जन्मलेले समर्थ रामदास शके १६०३, दुर्मति संवत्सरीं, माघ वद्य नवमीस सज्जनगडावर समाधिस्थ झाले. हें वर्ष इसवी सन १६८१ नव्हे, १६८२. वाचकांनीं दुर्मतीचा ताळा स्वतः करून पाहावा.

शिळेची जोड कागदाला हवी. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पैठण, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गांव व आडनांव सांगितलें कीं यात्रेस गेलेल्या पूर्वजांच्या नोंदी निघतात, आणि जेथें घरची आठवण तिसऱ्या पिढीस थांबते तेथून त्या वह्या पुढें चालूं लागतात. आमच्या भागांतील जुने दस्त मोडींत, आणि १९४८ पूर्वींचे निजामी अमलांतील बरेचसे उर्दूंत आहेत. त्यांवर फसली सन असतो; त्यांत ५९० मिळविले कीं इसवी सन येतो, एखाद्या वर्षाचा फरक राहतो. घरांतील एका तरी मुलास मोडी शिकवावी. पंधरा दिवसांत ओळख होते.

सर्वांत नाजूक प्रसंग वांटणीचा. समाधि असलेला तुकडा एका भावाच्या वांट्यास जातो; त्याचीं मुलें पुण्यास असतात; पुढें शेत विकलें जातें. घेणाऱ्यास तो ओटा म्हणजे नांगराला अडथळा. त्याला दोष कोणत्या तोंडानें द्यावा? खरेदीखत करितांनाच समाधीची जागा व तिच्याकडे जाण्याची वाट वगळून ठेवतां येते. पण ही गोष्ट सहीच्या दिवशीं कोणास आठवत नाहीं, म्हणून वांटणीपत्रांतच ती लिहावी. शिळा उचलून शहरांतल्या बंगल्याच्या बागेंत नेऊन ठेवणें मात्र टाळावें. जागेवरून हलविलेली शिळा अर्धी मुकी होते. शिवाय शंभर वर्षांपूर्वींच्या कोरीव वस्तूंना १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा लागूं होतो.

नोंद करितांना शिळेची लांबी-रुंदी, तोंड कोणत्या दिशेस आहे, अक्षरें जशीं दिसतात तशीं (अशुद्धें न सुधारितां), आणि सकाळ-संध्याकाळचीं दोन छायाचित्रें घ्यावींत. जागा लिहितांना नुसतें ‘चिंचेखालीं’ असें लिहूं नये. चिंच तोडली जाते. एकत्रीकरणांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आहेत, म्हणून दोन्ही लिहावेत, आणि विहीर किंवा ओढा यांपासूनचें अंतर पावलांत न देतां मीटरांत द्यावें.