पाददाह, पादत्राण आणि पायडल

पुण्याच्या पेठांतून सायकलवर जेवणाचे डबे पोचविणारे एक पन्नाशीचे गृहस्थ उजव्या पायाच्या तक्रारीसाठी माझ्याकडे येत असत. दुपारपर्यंत चवड्याखाली आग, संध्याकाळी बोटांना मुंग्या. सुश्रुत निदानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील पाददाह व पादहर्ष एकाच पायात दिसत होते. रक्तशर्करा प्राकृत होती. अभ्यंतर औषधे व क्षीरबला तैलाचा पादाभ्यंग योजला. आठवड्यात उपशय मिळाला, पंधरवड्यात व्याधी पूर्ववत. मात्रा वाढविली, व्यर्थ. तिसऱ्या खेपेस रुग्णाबरोबर दारापर्यंत गेलो, तेव्हा त्यांची सायकल प्रथमच पाहिली आणि स्वतःचीच लाज वाटली.

उजव्या पायडलचे रबर झिजून गळून पडले होते व लोखंडी दांडा उघडा होता. पायात पातळ रबरी चप्पल. सारा दाब अंगठ्याएवढ्या रुंदीच्या लोखंडावरून चवड्याच्या अस्थींवर येत होता. मिनिटाला साठ फेरे धरले तरी तासाला ३,६०० वेळा! निदानपरिवर्जनावर आपण सर्वांनी परीक्षेत पाने भरली आहेत. येथे हेतू दवाखान्याबाहेर स्टँडवर उभा होता.

पायडल रुंद व सपाट असावे, चवडा आडवा पूर्ण टेकावा, पृष्ठभाग खरखरीत असावा. ते दुकानातूनच बदलून घ्यावे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि घरी जोर लावून क्रँक बिघडविणारे पुष्कळ. बूट घेताना टाच व टोक धरून वाकवून पाहावा. तो बोटांपाशी थोडा वाकावा, मध्यभागी दुमडू नये. पुढे बोटांना मोकळी जागा हवी. दिवसअखेर पाय किंचित फुगतात, म्हणून खरेदी सायंकाळी करावी. पाय ठेवताना पायडलचा दांडा चवड्याच्या किंचित मागे येऊ द्यावा. चवड्यावरील भार लगेच हलका होतो. चढावर जोराने रेटण्यापेक्षा उतरून चालणे बरे. चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात पादाभ्यंगाबरोबर पादत्रधारणही सांगितले आहे. आपण तेल लिहून देतो, पादत्राणाविषयी विचारत नाही.

पायडल आणि कडक तळाचे कॅनव्हासचे बूट बदलल्यावर तेच तेल, तीच औषधे लागू पडली. दीड महिन्यात ती थांबविता आली.

हल्ली २०० किलोमीटरच्या ब्रेव्हे करणारे तरुणही याच तक्रारी घेऊन येतात. त्यांचे बूट क्लीटने पायडलमध्ये अडकतात. तळ कडक असल्याने दाब विभागला जातो, परंतु बूट अरुंद वा बंद घट्ट असल्यास बोटे बधिर होतात. बंद सैल करावेत, क्लीट काही मिलिमीटर टाचेकडे सरकवावी. शहरातील रहदारीत मात्र ही अडकवणूक मी सुचवीत नाही.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. तळपायाच्या आगीसाठी तेल मागणाऱ्यास पायात काय घालता व सायकल चालविता का, एवढे विचारावे. तेल रात्री लावण्यास सांगावे. सकाळी तेलकट तळवा चपलेतून घसरतो आणि सायकलस्वार पडतो. मधुमेही ग्राहकाच्या पायास जखम किंवा बधिरता असल्यास तेलाची बाटली देऊन वाटेला लावू नये, वैद्याकडे पाठवावे. आणि चवड्यातील एकाच अस्थीवर बोट ठेवताच तीव्र वेदना व सूज असेल, तर आपण वैद्यांनीही अभ्यंग थांबवून आधी क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. वारंवार भाराने पडलेली बारीक भेग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्यात दिसेलच असे नाही, म्हणून वेदना टिकल्यास ती पुन्हा करावी.