कोबीच्या पचडीला पाणी का सुटतं?

पोखर्णीसारख्या गावापासून पुण्यापर्यंत कोबीच्या पचडीची एकच तक्रार: कालवली तेव्हा कुरकुरीत, अर्ध्या तासात लिबलिबीत. कोबीत 90 टक्क्यांहून अधिक पाणी असतं. हवा ठासलेल्या सायकलच्या ट्यूबसारख्या त्याच्या पेशी पाण्याने ताणलेल्या असतात. दाताखाली त्या फुटतात, तोच कुरकुरीतपणा. मीठ पडलं की बाहेरचा ओलावा खारट होतो आणि पेशीतलं पाणी पातळ पडद्यातून तिकडे ओढलं जातं. पेशी सैलावतात.

पचडीत घातलेला दाण्याचा कूट हे सुटलेलं थोडं पाणी शोषतो. पण मला त्याचं खरं मोल वाटतं त्यातल्या तेलात. शेंगदाण्याचं जवळपास निम्मं वजन तेलाचंच. मिरचीचा तिखटपणा पाण्यापेक्षा तेलात सहज विरघळतो, म्हणून तो कुटाबरोबर घासाघासात पोचतो. मीठ मात्र पानात वाढतानाच घाला.