उरलेल्या पानांचा भागाकार

ब्लॅकजॅकमध्ये पाने मोजायला शिकलेला माणूस थोडा हात बसला की पुढच्या, अवघड पद्धतीकडे वळतो. हाय-लो ही साधी मोजणी त्याला बाळबोध वाटू लागते. माझे मत याच्या उलट आहे. हाय-लोची सुधारणा मोजणी गुंतागुंतीची करून फारशी होत नाही. मोजलेल्या आकड्याचे पुढे काय करायचे, यातच तिची खरी जागा आहे. या विद्येचा इतिहासही याच बाजूचा आहे. गणितज्ञ एडवर्ड थॉर्प यांचे ‘बीट द डीलर’ 1962 साली आले. त्यातल्या मुख्य पद्धतीत दोन आकडे एकाच वेळी डोक्यात ठेवावे लागत: दहाच्या किमतीची 16 पाने आणि उरलेली 36, दोन्ही पान-पान उतरत जाणारी, वर त्यांचे गुणोत्तर. 1963 साली हार्वी डुबनर यांनी अधिक-उणे एकची मोजणी मांडली आणि 1966 च्या आवृत्तीत थॉर्पनी ती जवळ केली. अवघडाकडून सोप्याकडे झालेला हा प्रवास होता.

मोजणी अशी चालते. दुर्रीपासून छक्कीपर्यंतचे पान दिसले की अधिक एक, दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का दिसला की उणे एक, सत्ती-अठ्ठी-नव्वी शून्य. सरावलेली नजर पाने एकेक मोजत नाही. राजाशेजारी पंजी पडली की दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात, आणि डीलर पाने गोळा करीपर्यंत टेबलावरची बेरीज तयार असते. लहान पाने निघून गेली म्हणजे उरलेल्या पानांत दश्श्या आणि एक्के दाट झाले. हे खेळणाऱ्याच्या फायद्याचे, कारण एक्का आणि दहाची जोडी दीडपट देते आणि बारा ते सोळावर अडकलेल्या डीलरला नियमाने पान घ्यावेच लागते. पण अधिक सहा या आकड्याला एकट्याने काही अर्थ नाही. सहा कॅटांच्या खेळात पाच कॅट उरले असतील तर तो प्रत्येक कॅटामागे जेमतेम सव्वा होतो. दोन उरले असतील तर तीन. पहिल्या वेळी कॅसिनोशी कशीबशी बरोबरी साधते, दुसऱ्या वेळी एक टक्क्याच्या आसपास वरचढपणा असतो. मेंढीकोटात गेलेल्या दश्श्या लक्षात ठेवणाऱ्याला हातात किती पाने उरली हेही ठाऊक असते. इथे ते वापरलेल्या पानांच्या ढिगाच्या उंचीवरून ओळखावे लागते. हा अंदाज अर्ध्या कॅटापर्यंत अचूक करणे, ही मला पहिली आणि सर्वांत मोलाची सुधारणा वाटते.

यावर जाणकार आक्षेप घेतील की हाय-लोमध्ये एक मुळातला दोष आहे, आणि ते खरेच आहे. पैसे किती लावायचे हे ठरवताना एक्का मोठे पान असतो, पण सोळावर पान घ्यावे की थांबावे हे ठरवताना तो लहान पानासारखा वागतो. हाय-लो दोन्हीकडे त्याला एकाच मापाने तोलते. पीटर ग्रिफिन यांनी अशा पद्धतींना दोन वेगळे गुण द्यायची रीत घालून दिली: पैसे लावण्याच्या निर्णयाचा एक, पान खेळण्याच्या निर्णयाचा दुसरा. हाय-लोला पहिल्यात 0.97 मिळतात, दुसऱ्यात 0.51. चव्वी-पंजीला अधिक दोन, दश्शीला उणे दोन आणि एक्क्याला शून्य देणारी हाय-ऑप्ट दोन ही पद्धत दुसऱ्यात 0.67 वर जाते, मात्र एक्के वेगळे मोजले नाहीत तर पहिल्यात 0.91 वर उतरते. एकाच कॅटाने, खोलवर वाटलेल्या खेळात हा व्यवहार परवडेल. सहा किंवा आठ कॅटांच्या खेळात मात्र बहुतेक कमाई योग्य वेळी पैसे वाढवण्यातून येते, आणि तिथे हाय-लो जवळपास परिपूर्णच आहे. शिवाय दोन्ही गुण बिनचूक मोजणी गृहीत धरतात. गोंगाटात, तासाभरानंतर, अवघड मोजणीत चुका वाढल्या तर कागदावरची ती वाढ कुठे राहिली?

खेळण्यातली उणीव भरून काढायला आणखी सोपा मार्ग आहे: ठरावीक आकड्यांवर नेहमीची चाल बदलणे. सुरुवात इन्शुरन्सपासून करावी. डीलरचा एक्का उघडा असताना त्याच्या झाकलेल्या पानावर लावलेली ही वेगळी रक्कम, दश्शी निघाली तर दुप्पट देणारी. ती परवडायला उरलेल्या पानांत एक तृतीयांशाहून जास्त दश्श्या हव्यात. सहा ताज्या कॅटांत एक्का वगळता 311 पैकी 96 असतात, म्हणजे शंभरामागे सात रुपये तोटा. भागाकार अधिक तीनला पोहोचला की तोटा मिटतो, आणि त्यापुढे इन्शुरन्स घ्यायलाच हवा. डॉन श्लेसिंजर यांनी 1986 साली अशा अठरा बदलांची यादी दिली. चाल बदलून मिळणाऱ्या एकूण लाभातला ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा त्यांतच येतो, आणि त्यात एकट्या इन्शुरन्सचा हिस्सा तिसऱ्याच्या आसपास. सोळाविरुद्ध दहा असताना आकडा शून्याच्या वर गेला की थांबायचे, पंधराविरुद्ध दहाला अधिक चारवर. एवढे पाठ करायला काही दिवस पुरतात. एक्क्यांची वेगळी मोजणी मात्र प्रत्येक डावात, आयुष्यभर करावी लागते.

राहतो तो टेबल निवडण्याचा प्रश्न, आणि तो मोजणीच्या आधीचा आहे. एक्का-दहाच्या जोडीला दीडपटीऐवजी सहास पाच देणारे टेबल कॅसिनोचा वाटा सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढवते. मग अधिक एकला होणारी बरोबरी अधिक चारच्या आसपास सरकते, आणि इतका वर आकडा क्वचितच जातो. पाने सतत पिसणाऱ्या यंत्रापुढे तर मोजायला काही उरतच नाही. पैसे एकदम वाढवले की लक्ष जाते, हाही आक्षेप रास्त आहे. न्यू जर्सीत 1982 साली केन अस्टन यांनी न्यायालयात जिंकून कॅसिनोंना मोजणाऱ्यांना परस्पर हाकलण्यापासून रोखले, पण नेवाडात आजही बाहेर काढतात. अवघड मोजणीनेही हे टळत नाही, कारण तिच्यातही पैसे वाढवावेच लागतात. आणि सगळे नीट जमले तरी एक टक्क्याचा वरचढपणा किती बारीक असतो ते पाहावे: एकसारखी रक्कम लावून दहा हजार डाव खेळले तर अपेक्षित कमाई शंभर रकमांची आणि चढउताराचे प्रमाण 115 च्या आसपास, म्हणजे इतक्या खेळानंतरही पाचातला जवळजवळ एक जण तोट्यात असतो.