स्लोला ठेवले तरी इंजिन पळते? आधी स्क्रू फिरवू नका



गेल्या हंगामात कळंब्याला एका शेतकरी मित्राच्या बांधावर गेलो होतो. ऊस भरून ट्रॉली तयार होती, पण जुना ट्रॅक्टर स्लोला ठेवला तरी भणभणत होता. गिअर टाकला की कर्रकन आवाज आणि गाडीला हिसका. मागे ट्रॉलीचा हूक लावायला एक पोरगा वाकलेला! मालकाने पंपावरचा स्लोचा स्क्रू दोनदा सैल केला होता. त्यामुळे सकाळी इंजिन बंद पडायचे आणि दुपारी पुन्हा पळायचे. शेवटी दोष निघाला एका ढिल्या स्प्रिंगचा.

असे का होते, ते समजून घेऊ. पेट्रोलच्या गाडीत कार्बोरेटर हवा आणि पेट्रोल मिसळून देतो. त्याच्या खालची गॅस्केट फाटली की चोरवाटेने हवा शिरते आणि स्लो वाढतो. डिझेल इंजिनाचे तसे नाही. तिथे गती ठरते ती डिझेल किती जाते यावर, आणि ते माप राखतो गव्हर्नर. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, तेच तत्त्व आजही चालू आहे. गती वाढली की वजने बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात. म्हणून जीपवर चाललेली युक्ती ट्रॅक्टरवर चालेलच असे नाही.

आता तपासणी क्रमाने करा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, गिअर न्यूट्रल, ब्रेक लावलेला, पीटीओ बंद. इंजिन चांगले गरम होऊ द्या. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांचा स्लो मिनिटाला ६०० ते ८०० फेऱ्यांच्या आसपास असतो. आपल्या पुस्तिकेत दिलेला आकडा खरा मानावा.

पहिले : इंजिन बंद करून हाताची रेस आणि पायाची रेस पूर्ण मागे येते का बघा. चिखल, उसाचे पाचट, वाकलेला रॉड, ताण गेलेली स्प्रिंग हीच नेहमीची कारणे. पंपाकडे जाणारा रॉड सोडा आणि पंपावरचा लिव्हर हाताने हलवा. तो सहज मागे येऊन स्क्रूला टेकला तर दोष बाहेरचा; साफ करा, तेल घाला, स्प्रिंग बदला. अडखळला तर दोष पंपाच्या आत आहे. तिथे आपला पाना नको, डिझेल पंपाचा मिस्त्री गाठावा.

दुसरे : काही जुन्या ट्रॅक्टरांत हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो. इनटेकपासून पंपाच्या मागे जाणारी बारीक नळी दिसली की ओळखा. यात आतली स्प्रिंग डिझेल वाढवत असते आणि हवेची ओढ पडद्याला मागे खेचून ते कमी करते. नळी चिरली किंवा पडदा फाटला की स्प्रिंगला अडवणारे कोणी राहत नाही आणि इंजिन सुसाट सुटते. इंजिन बंद ठेवून नळी काढा, स्टॉपचा लिव्हर बंद बाजूला धरा, पंपावरचे नळीचे तोंड बोटाने दाबा आणि लिव्हर सोडा. लिव्हर थोडा येऊन थांबला तर पडदा ठीक. तडक परत आला तर पडदा गेला समजा.

तिसरे : डिपस्टिक बघा. ऑइल खुणेच्या वर चढले असेल आणि त्याला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल झिरपून ऑइलात मिसळते आहे. ऑइल-बाथ एअर क्लीनरमध्येही खुणेपेक्षा जास्त ऑइल भरू नका. हे ऑइल सिलिंडरमध्ये ओढले गेले तर इंजिन त्यावरच पळू लागते.

हे सगळे ठीक असेल तरच स्लोच्या स्क्रूला हात लावा. आधी लॉकनट सैल करा, अर्धा फेरा फिरवा, थांबा, ऐका. काम झाले की लॉकनट आवळा. जास्तीत जास्त गतीचा सीलबंद स्क्रू मात्र कधीही फिरवू नका.

आणि इंजिन हाताबाहेर गेलेच तर? प्रथम माणसे लांब करा आणि स्टॉपची दांडी ओढा. इंजिन स्वतःचेच ऑइल जाळत असेल तर डिझेल तोडून ते थांबणार नाही. हवा तोडावी लागते. एअर क्लीनरच्या तोंडावर जाड, सपाट फळी घट्ट दाबा. हात किंवा कापड लावू नका, आत ओढले जाते. चालू इंजिनाला बोनेट उघडून त्यावर वाकू नका.

२०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. त्यांतील अनेकांत डिझेलचे माप संगणक ठरवतो. त्यांना ही तपासणी लागू नाही; त्यांच्यासाठी कंपनीचा मेकॅनिकच बोलवा.

एक लक्षात ठेवा : स्क्रू फिरवून आवाज कमी होतो, दोष जात नाही. पाच मिनिटे थांबून स्प्रिंग बघितलेली बरी. ट्रॉलीच्या हुकापाशी आपलेच पोर वाकलेले असते.